किरकोळ खर्चातला स्क्रू

समुद्रकाठी घर बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याच्या अंदाजपत्रकात चिऱ्यापासून कौलापर्यंत आणि विहिरीपासून तुळशीवृंदावनापर्यंत प्रत्येक बाबीस स्वतंत्र सदर, स्वतंत्र दर आणि बहुधा स्वतंत्र वादही असतो. परंतु ज्यांच्या आधारावर दार चौकटीला, पत्रा रिपेला, गज खिडकीला आणि पंखा छताला धरून राहावयाचा, त्या स्क्रू, नट, बोल्ट आणि वायसर मंडळींची वासलात मात्र शेवटच्या पानावर, 'किरकोळ व संकीर्ण' या सदराखाली, गवंड्याच्या चहापाण्यासमवेत एका ओळीत लावलेली आढळते. समुद्र हे अंदाजपत्रक शेवटच्या पानापासून वाचावयास घेतो. चिऱ्याशी त्याला कर्तव्य नाही, सागवानाशी त्याचे वैर नाही, कौलांकडे तर तो ढुंकूनही पाहत नाही, पण घरभरणीनंतरचा पहिला गणपती मखरात बसतो न बसतो तोच पुढल्या दाराच्या बिजागरीखालून एक तांबूस ओघळ पांढऱ्या रंगावर उतरू लागतो, आणि आरतीला जमलेल्या पाहुण्यांपैकी एक तरी अनुभवी गृहस्थ, टाळ वाजविणे क्षणभर तहकूब ठेवून, "स्क्रू कुठले वापरलेत?" असे विचारतो.

या प्रश्नास सहसा उत्तर नसते. घरमालकास टाइल्सच्या कंपनीचे नाव पाठ असते, रंगाच्या छटेचा क्रमांकही तो सांगू शकतो. परंतु स्क्रू कोणी आणले, कोठून आणले आणि ते कोणत्या धातूचे होते, याची दप्तरी नोंद नसते. जे किरकोळ सदरात गेले ते विस्मृतीतही गेले.

वस्तुतः कोकणपट्टीवर लोखंडाने तग धरावा अशी अपेक्षा करणे हेच मुळी धारिष्ट्याचे आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेल्या दिवसांत दमट वारा, आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या प्रत्येक लाटेगणिक उडणारे तुषार, जे वाऱ्यावर बसून माडांच्या शेंड्यांवरून गावात शिरतात आणि जेथे टेकावयास मिळेल तेथे पाण्याचा अंश टाकून देऊन मिठाच्या रूपाने कायमचे बिऱ्हाड करतात. या मिठात आपले खावयाचे मीठ असते तसा मॅग्नेशियमचा एक क्षारही असतो, आणि हवेतली ओल खेचून घेण्याची त्याची शक्ती एवढी मोठी आहे की पावसाचा थेंब न पडताही स्क्रूचे डोके दिवसरात्र खाऱ्या पाण्याच्या अदृश्य पापुद्र्याखाली राहते. त्यामुळे पाऊस सरला म्हणजे गंज थांबला, हा घाटावरच्या माणसाचा समज येथे लागू पडत नाही. येथे गंजाला सुट्टी नाही. फार तर मार्गशीर्षाच्या कोरड्या दुपारी तो अर्ध्या पगारी रजेवर असतो.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी आणि फार सोपे देऊन ठेवले होते. स्क्रू गंजतो ना? मग स्क्रूच नको, खिळाही नको. अरबी समुद्रातली कित्येक जुनी गलबते फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवून, सांध्यांत राळ आणि तेल भरून सिद्ध करीत. या पद्धतीचे समर्थन करताना, भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' नामक ग्रंथात, समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रात लोहचुंबकाचे खडक असतात आणि ते नौकेस आपणाकडे ओढून घेतात, अशी ताकीद दिलेली आहे. भूगोलाच्या दृष्टीने ही भीती निराधार असली तरी हुकूम म्हणून तो अत्यंत शहाणपणाचा होता, हे कबूल केले पाहिजे. लोखंडामुळे नाव बुडते हा अनुभव खरा होता; फक्त आरोपी चुकीचा पकडला होता. गंज हा गुन्हेगार इतका सावकाश काम करतो की त्याच्यावर संशय घेण्यापेक्षा लोहचुंबकाचा डोंगर कल्पिणे मनुष्यास अधिक सुलभ वाटले असावे. अलीकडे, अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून गोव्यात असेच एक शिवलेले जहाज नव्याने बांधण्यात आले, २०२५ साली कारवारला ते 'कौंडिण्य' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतच्या वाटेला लागले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या बनावटीचे जहाज नौदलाने पदरी ठेवावे, यात पुष्कळांना इतिहासप्रेम दिसले. मला मात्र त्या खात्यातल्या, आयुष्यभर गंजलेले बोल्ट बदलीत आलेल्या कोण्या अधिकाऱ्याचा सुटकेचा निःश्वास ऐकू आला.

सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याची कथा मालवणात प्रत्येक होडीवाला पर्यटकांस सांगतो. समुद्राच्या तोंडी द्यावयाचे तर त्याला जे सहसा पचत नाही तेच द्यावे, हा विचार त्या कथेत आहे. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने इंग्रजांसाठी सागवानी लढाऊ जहाजे बांधली, त्यांतले १८१७ साली पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभे आहे, त्याचेही एक रहस्य असेच आहे. विलायतेचा ओक आपल्या अंगच्या आम्लाने पोटातला लोखंडी बोल्ट खात असतो, तर सागाचे तेल त्याच बोल्टाला जपते. लाकूड आणि लोखंड यांचे पटते की नाही ते आधी पाहावे लागते. दोघेही स्वतंत्रपणे चांगले असून भागत नाही.

विलायती नौदलाला मात्र हे ज्ञान स्वस्तात मिळाले नाही. १७६१ साली 'अलार्म' नावाच्या एका जहाजाच्या तळाला, किडे आणि शेवाळ यांपासून संरक्षण व्हावे म्हणून, तांब्याचे पत्रे ठोकण्यात आले. दोन वर्षांनी तपासणी करतात तो तांबे खणखणीत, लाकूड शाबूत, आणि पत्रे ज्यांनी धरून ठेवावयाचे ते लोखंडी खिळे व बोल्ट मात्र खाऊन चाळण झालेले. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांस टेकले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म व्यवहार सुरू होतो आणि त्यात जो धातू हीन ठरतो तो आपले सर्वस्व देऊन बसतो, हे तत्त्व तोवर कोणी मांडलेले नव्हते. परंतु त्या पंचनाम्यात एक विलक्षण गोष्ट नजरेस आली: पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी कामगारांनी आळसाने तसाच आत राहू दिला होता, आणि नेमके तेवढ्याच जागचे बोल्ट सुखरूप होते! मनुष्याच्या आळसाने विज्ञानाची सेवा केल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पण इतके सरकारी कागदाच्या कीर्तीस शोभणारे उदाहरण दुसरे नसेल. आजही ॲल्युमिनियमच्या खिडकीत स्टेनलेसचा स्क्रू पिळताना जाणता कारागीर मध्ये नायलॉनचे वायसर घालतो, तेव्हा तो त्या अनाम कामचुकारांचाच वारसा चालवीत असतो.

याच प्रकरणाचा उत्तरार्धही मनोरंजक आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या थोर रसायनवेत्त्याने तांब्याच्या पत्र्यांची झीज थांबविण्यासाठी त्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडावेत, म्हणजे ते तुकडे झिजतील आणि तांबे वाचेल, अशी युक्ती काढली. युक्ती शंभर टक्के यशस्वी झाली. तांब्याची झीज थांबली, आणि झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच जे शेवाळ आणि शंखशिंपले आजवर दूर राहत ते आता निर्धास्तपणे जहाजाच्या तळाशी वस्तीस आले. जहाजे जड झाली, मंद झाली, आणि नौदलाने ते जस्त-लोखंड काढून टाकावयास लावले. डेव्हीचे तत्त्व अर्थात खोटे ठरले नाही. आपल्या बंदरातल्या ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताचा जो ठोकळा बसवितात आणि झिजला की बदलतात, तो त्याच तत्त्वावर प्राणार्पण करीत असतो.

इतकी पूर्वपीठिका झाल्यावर स्टेनलेस स्टीलचा उदय होतो. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हा बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहत होता, तेव्हा शेकडा सुमारे तेरा भाग क्रोमियमचे एक पोलाद त्याच्या हाती आले. त्यावर व्हिनेगार आणि लिंबाचा रस चालेना. त्याला त्यात सुऱ्या-काट्यांचे भवितव्य दिसले. शेफील्डच्या सुरीवाल्यांनी मात्र, न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून त्याची टवाळी केली. त्याच सुमारास जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात क्रोमियमच्या जोडीला निकेल घालून अधिक टिकाऊ पोलाद तयार होत होते, आणि पुढे तेच अठरा भाग क्रोमियम व आठ भाग निकेल या प्रमाणात जगाच्या स्वयंपाकघरांत शिरले.

आपल्याकडे ते आले ते बोहारणीच्या टोपलीतून. जरीच्या जुन्या साड्या आणि यजमानांची ज्यांवर अजून माया होती अशा दोन विजारी देऊन घेतलेले ते डबे, तांब्या-पितळेप्रमाणे चिंच लावून घासावे लागत नाहीत, त्यांना कल्हई नको, आमटी कळकत नाही, या गुणांवर मराठी गृहिणी अशी भाळली की तिने त्यांवर आपले नाव, तारीख आणि प्रसंगी 'कै. सासूबाईंच्या स्मरणार्थ' असा मजकूरही कोरवून घेतला. या पन्नास-साठ वर्षांच्या सहवासातून आपल्या समाजाच्या मनात एक अढळ श्रद्धा निर्माण झाली: स्टील गंजत नाही. ती श्रद्धा घेऊनच मनुष्य समुद्रकाठच्या घरासाठी स्क्रू आणावयास जातो. स्वयंपाकघरातले भांडे दिवसातून दोनदा घासले जाते, पुसले जाते आणि पालथे घातले जाते. खिडकीच्या स्क्रूला असे भाग्य लाभत नाही, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

स्टेनलेस गंजत नाही याचे कारण असे की त्यातले क्रोमियम (ते शेकडा साडेदहा भाग तरी असावेच लागते) हवेतला प्राणवायू घेऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचे एक कवच धरते, आणि ओरखडा उठला तर ते आपोआप भरूनही काढते. पण या कवचाचा करार सशर्त आहे. पहिली अट हवा मिळत राहिली पाहिजे, आणि दुसरी, मिठातल्या क्लोराइडचा उपद्रव मर्यादेत असला पाहिजे. समुद्रकाठी दुसरी अट मोडलेलीच असते; पहिली आपण मोडतो. वायसरच्या खाली, दोन पट्ट्यांच्या फटीत, भिजलेल्या लाकडाच्या पोटात, जेथे खारे पाणी शिरते पण ताजी हवा पोचत नाही, तेथे ते कवच एकदा फुटले की भरून येत नाही. एका बंदरावर, पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या होडीच्या तळातून मेस्त्रींनी काढलेला एक स्टेनलेसचा स्क्रू मी हातात घेऊन पाहिलेला आहे. त्याचे डोके आरशासमान लखलखीत होते. त्याचे टोक नवे असावे इतके तीक्ष्ण होते. आणि दोहोंच्या मधली मान खाऊन खाऊन सुतळीएवढी उरली होती. नखाने दाबताच ती तुटली. बाहेरून पाहणाऱ्यास हा स्क्रू आणखी दहा वर्षे निर्दोष दिसला असता. म्हणूनच पाण्याखालच्या लाकडात जुने नावबांधणारे तांब्याचे खिळे पसंत करीत आणि आता जाणते लोक सिलिकॉन ब्राँझ मागतात; स्टेनलेसला ते पाण्याच्या वर, वाऱ्यावर ठेवतात.

या सर्व ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग जेथे करावयाचा ते स्थळ म्हणजे तालुक्याच्या गावातले हार्डवेअरचे दुकान. गल्ल्याशेजारी खिळ्याला दोरी बांधून लोहचुंबकाचा एक तुकडा टांगलेला असतो. गिऱ्हाईक विश्वासाने विचारते, "ओरिजिनल एस.एस. आहे ना?" शेठ काही न बोलता मूठभर स्क्रू काढून लोहचुंबकापुढे धरतात, लोहचुंबक निर्विकार राहतो, खातरजमा होते. भोजराजाला ज्याचे भय वाटले तोच दगड आज आमचा पंच झाला आहे.

हा पंच दोन्ही बाजूंनी चुकतो. निकेल महाग म्हणून ते कमी करून त्याच्या जागी बरेचसे मँगनीज घातलेले दोनशेच्या मालिकेतले पोलाद (दुकानात ते '२०२' या नावाने किंवा नाव न सांगता मिळते) लोहचुंबकाला अजिबात दाद देत नाही आणि खाऱ्या वाऱ्याला ताबडतोब देते. उलट त्या अठरा-आठच्या घराण्यातला ३०४ जातीचा सचोटीचा स्क्रू, तो थंड धातू दाबून घडविलेला असल्यामुळे, किंचित ओढला जातो आणि निष्कारण नापास होतो. पत्र्यात आपले आपण भोक पाडून शिरणारे जे स्क्रू छपरासाठी घेतात, त्यांत ४१० नावाची एक जात असते. तिला कणखरपणा हवा म्हणून निकेल दिलेले नसते, तीत क्रोमियम जेमतेम बारा भाग असते, आणि ती लोहचुंबकाला चटकन चिकटते. येथे पंचाचा निवाडा बरोबर येतो खरा, पण गिऱ्हाईकच तो मानीत नाही, कारण खोक्यावर ठळक अक्षरांत स्टेनलेस असे छापलेले असते, आणि ते असत्यही नसते.

समुद्रकाठी मागावयाचा तो ३१६. यात क्रोमियम आणि निकेल यांच्या जोडीला दोन ते तीन भाग मॉलिब्डेनम असते, आणि क्लोराइडला कवच फोडण्यास ते पुष्कळच अडथळा करते. बोल्टाच्या डोक्यावर 'ए४' असा शिक्का असला तर तो या घराण्यातला आणि 'ए२' असला तर ३०४ च्या; पुढे ७० असे लिहिलेले असते ते दर चौरस मिलिमीटरला ७०० न्यूटन ताण सोसण्याचे अभिवचन असते. पण बारक्या लाकडी स्क्रूंच्या डोक्यावर शिक्क्याला जागाच नसते, आणि ३०४ व ३१६ डोळ्यांनी ओळखू येतील असा मनुष्य अद्याप जन्मावयाचा आहे. त्यासाठी एक रसायन मिळते. थेंब टाकून बॅटरीच्या सेलचा प्रवाह दिला की मॉलिब्डेनम असल्यास रंग पालटतो. मोठ्या कारखान्यांतून ही बाटली असते. आमच्या शेठजींकडे लोहचुंबक आहे.

माझे एक स्नेही, जे मामलेदारीतून निवृत्त होऊन समुद्राकडे तोंड केलेले घर बांधीत होते, त्यांनी या दुकानात प्रवेश करून आयुष्यभराच्या सवयीने प्रश्न सरळ मांडला.

"शेठ, कायम टिकेल असा स्क्रू दाखवा."

शेठजींनी चष्मा वर केला. "साहेब, कायम म्हणजे किती वर्षं?"

या प्रश्नात जे तत्त्वज्ञान आहे ते महसूल खात्याला नवे नसावे. तेथे एकदा ठरलेल्या धाऱ्याची मुदतही तीस वर्षांच्या आसपासच असे. तथापि मामलेदारसाहेब सावध झाले. त्यांनी तपशील मागितला, दर मागितले, ३१६ चा दर ऐकून खुर्ची मागितली, आणि मग, वाऱ्यापावसात उघड्यावर येणाऱ्या कठड्यास ३१६ आणि आत पडवीत, छपराखाली, पाऊस न लागणाऱ्या जागी ३०४, अशी काटकसरीची तजवीज जाहीर केली. ती ऐकणाऱ्या प्रत्येकास पटली. सोबत आलेले मेस्त्री तेवढे मान हलवून म्हणाले, "साहेब, हयसर उलटा आसा. भायरचो स्क्रू पाऊस धुता. पडवीतलो कोण धुतलो?"

आणि ते अक्षरशः खरे आहे. उघड्या कठड्यावर साचलेले मीठ चार महिने पाऊस फुकटात धुऊन नेतो. पडवीच्या वाशाखाली दडलेल्या स्क्रूवर मात्र वारा मीठ आणून टाकतो आणि ते तेथेच राहते, ओल धरते, आणि वर्षभरात स्क्रूच्या डोक्याभोवती तपकिरी छटा चढते. इंग्रजी बोलणारे कारागीर हिला चहाचा डाग म्हणतात. आस्ट्रेलियातल्या जाणकारांनी फुटणाऱ्या लाटांपासून पाच किलोमीटरच्या आत तिचा उपद्रव विशेष, असे सांगून ठेवले आहे, आणि त्यावर उपायही सांगितला आहे: पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितका बरा, आणि अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावे. म्हणजे शेवटी बोहारणीच्या डब्याचीच दिनचर्या. पण गंज लागू नये म्हणून स्क्रूला पाण्याने धुवा, असे मराठी गृहस्थास कोणत्या तोंडाने सांगावयाचे? तो धुतो, पण फरशीवर डाग पडला म्हणून, आणि त्या बाजारी ॲसिडने, ज्याच्या नुसत्या वाफेने बाथरूमच्या दारावरचे सारे क्रोमियम शरण येते.

येथे गंभीर स्वरात एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मालवणच्या राजकोटावर उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा अनावरणाला नऊ महिने पुरे होण्याच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि त्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम खात्याने लेखी कळविले होते की खारा वारा आणि पाऊस यांनी त्यातले नट-बोल्ट गंजत आहेत. ज्या राजाने समुद्राची रीत ओळखून जलदुर्ग बांधले त्याच्याच पायाशी बोल्टाच्या गंजावर पत्रव्यवहार व्हावा, यावर विनोद करण्याची माझी इच्छा नाही. महाराष्ट्रात त्यानंतर काही आठवडे घरोघरी स्टेनलेस स्टीलची चर्चा झाली. एका केंद्रीय मंत्र्यांनी किनाऱ्यालगतच्या बांधकामांत तेच वापरावे असे जाहीर सांगितले. किरकोळ सदर पहिल्या पानावर आले ते त्या वेळी.

आता ३१६ आणला की सर्व संपले, असे जर कोणास वाटत असेल तर त्याने आमच्या मामलेदारसाहेबांच्या कठड्याची कैफियत ऐकावी. स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट कोरडाच, आणि त्यातही विजेच्या यंत्राने वेगात फिरविला, की आट्यांवरचे ते सूक्ष्म कवच घासून निघते, धातूला धातू उघडा भेटतो, आणि दोघे जागच्या जागी एकजीव होतात. मेस्त्रींच्या हाताखालच्या पोराने नेमके हेच केले. नट अर्ध्या वाटेवर थांबला. पुढे जाईना, मागे येईना. ज्या बोल्टाला समुद्र हात लावणार नव्हता त्याला आता माणूसही हात लावू शकत नव्हता. अखेर कापणीयंत्र आणून त्याचा शिरच्छेद करण्यात आला. आणि यंत्र हाती आहेच तर, म्हणून त्या उत्साही पोराने फाटकाचे साधे लोखंडी अँगलही तेथेच, कठड्याला टेकवून, कापून घेतले. ठिणग्यांचा वर्षाव कठड्याच्या संबंध लांबीवर झाला. देखावा प्रेक्षणीय होता, असे साहेबांच्या सौभाग्यवतींनी नंतर जबानीत सांगितले.

आठ दिवसांनी त्या निष्कलंक कठड्यावर देवी आल्याप्रमाणे तपकिरी ठिपके उठले. साहेबांनी खिशातून लोहचुंबक काढला (तो त्यांनी दुकानातला व्यवहार पाहून स्वतःपुरता विकत घेतला होता), ठिपक्यांवर फिरविला, आणि त्यावर चार बारीक कण चिकटून आलेले पाहताच माल बनावट असल्याचा निष्कर्ष काढून शेठजींच्या नावे कलमवार तक्रार लिहावयास घेतली. तिच्यात फसवणूक, विश्वासघात आणि वृद्धापकाळी झालेला मनस्ताप यांची स्वतंत्र कलमे होती, आणि इतर नुकसानीचे एक संकीर्ण कलमही होते. तिसऱ्या पानावर मेस्त्री आले. त्यांनी ठिपक्यावर बोट फिरवून पाहिले, वहिनींकडून दोन लिंबे आणि भांडी घासावयाची हिरवी घासणी मागून घेतली, आणि लोखंडाची ती कापणीची धूळ, जी कठड्यावर बसून स्वतःच गंजली होती, रस आणि पाणी यांनी शांतपणे उतरवू लागले. कठडा खालून जसाच्या तसा निघत होता. साहेब कागद हातात धरून उभे होते.

"पुढच्या येळाक बोल्टाक आधी गिरीस लावूक सांगा त्या झिलाक," मेस्त्री मान वर न करता म्हणाले. "आणि साहेब, तो लोहचुंबक वायंच माका द्या. माझे खिळे वाळयेत सांडलेत, ते येचूक होये."